सात दिवस : मोतीबिंदू, सजदा आणि रुग्णाचा वेळ

साल १९८४ असावे. तालुक्याच्या गावी शाळेच्या इमारतीत डोळ्यांचे शिबिर भरले होते. दादीच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू तिथेच निघाला. बाकं हलवून वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. सतरंजीवर एका रांगेत निजलेली म्हातारी माणसे, प्रत्येकाच्या डोळ्यावर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पुरचुंड्या, मान हलू नये म्हणून. हसायचे नाही, खोकायचे नाही, कूस बदलायची नाही. मी तेव्हा लहान होतो, पण त्या पुरचुंड्या मला अजून आठवतात.

दादीला वेदनेचे काही वाटले नव्हते. तिची तक्रार वेगळीच होती. डॉक्टरांनी बजावले होते, आठवडाभर उताणे पडून राहायचे आणि पुढे महिना-दीड महिना वाकायचे नाही. म्हणजे सजदा नाही. मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी येऊन सांगितले की इशाऱ्याने नमाज होते, आजारी माणसाला सवलत आहे. दादीने ऐकून घेतले, इशाऱ्याने नमाजही पढली. पण डाव्या डोळ्याची वेळ आली तेव्हा तिने साफ नकार दिला. "सजदेबिगर कैसी नमाज गे?" एवढेच ती अम्मीला म्हणाली. दुसरे कारण तिने बोलून दाखवले नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होते. पहिल्या खेपेला तिच्याजवळ बसायला दादा आठ दिवस शिबिरात राहिले होते आणि ऐन काढणीत त्यांची आठ दिवसांची मजुरी बुडाली होती. दादी गेली तेव्हा तिचा डावा डोळा पूर्ण पांढरा झालेला होता.

पुढे इस्लामी वैद्यकाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले, की दादीचा नकार फार जुना आहे.

हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) हे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि कुरआनच्या भाष्यकारांमधले अग्रगण्य नाव. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. हिजरी ६८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८७ च्या सुमारास, ताइफला त्यांचे निधन झाले. अकराव्या शतकातले शाफई फकीह अबू इसहाक शिराझी यांच्या 'अल-मुहज्जब' या ग्रंथात त्यांच्याविषयी एक रिवायत येते. इब्ने अब्बासांच्या डोळ्यांत 'पाणी उतरले' तेव्हा अब्दुल मलिकने डाकेच्या जनावरांवरून त्यांच्याकडे वैद्य पाठवले. वैद्यांनी सांगितले, इलाज होईल, पण सात दिवस उताणे पडून राहावे लागेल आणि नमाजही तशीच पडून पढावी लागेल. इब्ने अब्बासांनी हजरत आयशा आणि हजरत उम्मे सलमा यांना विचारले. दोघींनी मना केले, आणि इलाज राहून गेला.

या रिवायतीत तारखांचा घोळ आहे. हजरत आयशांचे निधन ६७८ चे आणि अब्दुल मलिक खलिफा झाला ६८५ मध्ये. त्यामुळे प्रसंग जसाच्या तसा घडला असे मी म्हणणार नाही. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. शस्त्रक्रियेनंतर 'सात दिवस उताणे' ही अट शिराझींच्या वाचकांना इतकी परिचित होती, की त्यावर फिकहचा मसला उभा राहिला : उभे राहण्याची ताकद असलेल्या माणसाला डोळा वाचवण्यासाठी पडून नमाज पढता येईल का?

याच ग्रंथावर तेराव्या शतकात इमाम नववी यांनी 'अल-मजमू' नावाचे प्रचंड भाष्य लिहिले. त्यात ते या मसल्याचा सविस्तर ऊहापोह करतात आणि सांगतात, की शाफई विद्वानांमध्ये दोन मते असली तरी बहुसंख्यांचे, आणि अधिक योग्य मत 'चालेल' असेच आहे. भरवशाचा, जाणकार वैद्य म्हणाला की पडून राहिलास तर डोळा वाचेल, नाहीतर अंध होशील, तर पडून पढ. हनफी फुकहाही याच बाजूचे. दादीला इमामसाहेब जे सांगत होते त्यामागे इतकी परंपरा होती, आणि तरीही दादी मानत नव्हती. फतवा सवलत देऊ शकतो, आठ दिवस भरून देऊ शकत नाही. फुकहांनी त्यांच्या बाजूने वाट मोकळी करून दिली होती. आता ते सात दिवस कमी करणे हे वैद्यांचे काम होते.

'पाणी उतरणे' हा शब्दप्रयोगही समजून घेतला पाहिजे. अरबीत मोतीबिंदूला 'नुझूल-उल-मा' म्हणतात, म्हणजे पाण्याचे उतरणे. मेंदूकडून गढूळ द्रव खाली येतो आणि बाहुलीमागे साकळतो, अशी ग्रीकांपासून चालत आलेली समजूत होती. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा याच कल्पनेतून 'कॅटरॅक्ट', म्हणजे धबधबा, हा शब्द युरोपात रुजला. डोळ्यांतले स्वतःचे भिंगच गढूळते, पाणीबिणी काही उतरत नाही, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या वैद्यांनी दाखवून दिले.

त्याआधीची हजार-दोन हजार वर्षे एकच उपाय होता. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागातून सुई घालायची आणि तो पांढरा पडदा खाली ढकलायचा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'लिंगनाशा'वर हीच क्रिया सांगितली आहे. क्रिया मिनिटांत आटोपते, रुग्णाला तत्क्षणी उजेड दिसतो, लोक थक्क होतात. पण ढकललेले भिंग डोळ्यातच राहते. रुग्ण हलला, खोकला, शिंकला, तर ते पुन्हा वर येते. म्हणून अंधारी खोली, बांधलेला डोळा, चावावे लागणार नाही असे पातळ खाणे, आणि दिवसेंदिवस उताणे पडून राहणे. दहाव्या-अकराव्या शतकातल्या बगदादच्या अली इब्ने ईसा यांच्यासारख्या कहालांच्या, म्हणजे नेत्रवैद्यांच्या, ग्रंथांत शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व या पथ्याला आहे. इब्ने अब्बासांच्या गोष्टीतले सात दिवस या क्रियेतूनच आले होते.

या दिवसांवर पहिला घाव घातला तो अम्मार इब्ने अली अल-मौसिली यांनी. मूळचे मोसुलचे. गावोगाव फिरून शस्त्रक्रिया करत करत ते इजिप्तला पोचले आणि फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या काळात, म्हणजे ९९६ ते १०२१ च्या दरम्यान, त्यांनी डोळ्यांच्या रोगांवर 'किताब अल-मुंतखब' लिहिली. अम्मार यांची कल्पना साधी होती : पडदा वर येईल म्हणून रुग्णाला पाडून ठेवावे लागत असेल, तर पडदा डोळ्यात ठेवायचाच कशाला? त्यांनी धातूची पोकळ सुई बनवली, ती डोळ्यात घातली आणि पांढरे द्रव्य ओढून बाहेर काढले. त्यांनी स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांची वर्णने ग्रंथात दिली आहेत. त्यांत फसलेले आणि अवघड रुग्णही आहेत. हे मला विशेष वाटते, कारण त्या काळचे बरेचसे लेखन आधीच्या ग्रंथांची उजळणी असे.

अम्मार यांची ही पद्धत सर्वत्र गेली नाही. ती नरम मोतीबिंदूलाच लागू पडायची, पिकून टणक झालेला मोती नळीतून येत नाही. त्यांचे समकालीन, कोर्दोव्याचे अल-झहरावी लिहितात, की इराकमध्ये अशी पोकळ सुई बनवतात असे ऐकले आहे, पण आमच्या मुलुखात ती वापरताना पाहिलेली नाही. ओढून घेण्याची कल्पना अम्मार यांच्याही आधीची आहे, राझींच्या संग्रहात तिचा उल्लेख येतो. तरीही पोकळ सुई बनवून, ती वापरून, अनुभव लिहून ठेवणारा माणूस म्हणून अम्मार यांचेच नाव घ्यावे लागते. जर्मन नेत्रवैद्य आणि इतिहासकार युलियुस हिर्शबर्ग यांनी १९०५ मध्ये त्यांच्या ग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा युरोपला ते नव्याने कळले. 'आधुनिक मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा शोध मुसलमानांनी लावला' असे फॉरवर्ड मला अधूनमधून येतात. तसे काही नाही. आजच्या यंत्राची वंशावळ अम्मारपर्यंत जात नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता.

त्याच कैरोत पुढे १२८४-८५ मध्ये सुलतान कलावूनने मोठा बीमारिस्तान उभारला. त्यात नेत्ररुग्णांसाठी वेगळा कक्ष होता आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चालायचा. बरा होऊन घरी निघालेल्या माणसाला तिथून कपडे देण्याची पद्धत होती. उपचार फुकट असले तरी आजाराचा खर्च तिथे संपत नाही, माणूस पुन्हा कामाला लागेपर्यंत तो चालूच राहतो, हे वक्फ करणाऱ्यांना कळत होते. वक्फ म्हटले की आज आपल्याकडे जमिनींचे खटलेच आठवतात, म्हणून हा उल्लेख.

युरोपात १७४७ मध्ये झाक दाविएल या फ्रेंच सर्जनने बुबुळाच्या खालच्या कडेला छेद घेऊन भिंगच बाहेर काढले आणि सुईने ढकलण्याचा जमाना हळूहळू मागे पडला. पण छेद मोठा आणि टाका नाही. त्यामुळे भिंग वर येण्याची भीती गेली आणि जखम उघडण्याची आली. रुग्ण उताणाच राहिला. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. वेदना गेली, वाळूच्या पुरचुंड्या मात्र राहिल्या.

हिंदुस्थानात तर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालू होत्या. मद्रासचे सर्जन रॉबर्ट एलियट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सुईने मोती ढकलणाऱ्या फिरत्या वैद्यांवर आख्खे पुस्तक लिहिले. या वैद्यांनी फोडलेले डोळे त्यांच्या इस्पितळात रोज येत असत. त्याच सुमारास जालंदरला हेन्री स्मिथ हजारोंच्या संख्येने मोतीबिंदू काढत होते आणि त्यांचा हात पाहायला परदेशातून डॉक्टर येत. एक प्रश्न मात्र मला पडतो. दोन पावलांवर सरकारी इस्पितळ असताना लोक त्या फिरत्या वैद्याकडे का जात? अडाणीपणा हे उत्तर सोपे आहे. पण तो वैद्य दारात येत होता, ओट्यावर बसवून काम उरकत होता आणि संध्याकाळी माणूस आपल्याच घरी असायचा. इस्पितळाकडे कौशल्य होते, पण त्याची किंमत दिवसांत मोजावी लागे.

दादीच्या नशिबी स्मिथ यांच्या काळातल्यासारखीच शस्त्रक्रिया आली. आवरणासकट आख्खे भिंग काढायचे आणि त्याच्या जागी काहीच नाही. भिंगाचे काम मग बाटलीच्या बुडासारख्या चष्म्याने करायचे. त्यातून समोरचे मोठे दिसते, कडेचे दिसतच नाही. उंबरठ्यावर दादी हमखास अडखळायची. चष्मा फुटला की ती पुन्हा आंधळी.

खरे तर तोवर यावर उत्तर सापडून पस्तीस वर्षे झाली होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत आणि डोळा ते मुकाट सहन करी. हे पाहिलेल्या हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्याच प्लास्टिकचे कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले. त्यांच्याच व्यवसायातल्या मोठमोठ्या मंडळींनी पुढे कित्येक वर्षे त्यांची खिल्ली उडवली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडने भिंगाचा चुरा करून तो ओढून घेण्याचे यंत्र आणले. ही कल्पना त्यांना दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले असताना सुचली. आपण ज्याला 'फेको' म्हणतो ते हेच. छेद दोन-तीन मिलिमीटरवर आला, घडी घालून आत सरकवायची लेन्स आली, टाका गेला, आणि इंजेक्शनऐवजी थेंबांनी बधिरता येऊ लागली. चुरा करून ओढण्याच्या टप्प्यावर अम्मारांच्या सुईची आठवण मला येतेच, वंशावळ नसली तरी.

सात दिवसांचे कारण संपले ते इथे. आपोआप दबून बंद होणारी एवढीशी जखम असेल तर उताणे कशाला राहायचे? १९९० चे दशक सरेपर्यंत इंग्लंड-अमेरिकेत त्याच दिवशी घरी पाठवणे ही सर्वसाधारण रीत झाली होती. आपल्याकडे विमा कंपन्यांच्या कागदांत मोतीबिंदू 'डे केअर'च्या यादीत गेला.

भारतातले काम यंत्राच्या आधी माणसांच्या मांडणीने झाले, हे सांगायला हवे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ मध्ये त्यांनी मदुराईला अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. तिथे सर्जनसमोर दोन टेबले असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरच्या रुग्णाची तयारी खेड्यातून निवडून शिकवलेल्या मुली करून ठेवतात. एक संपले की सूक्ष्मदर्शक वळवायचा आणि दुसरे सुरू. सर्जनने फक्त सर्जनचेच काम करायचे. परदेशी लेन्स परवडेना म्हणून १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून लेन्स स्वतः बनवायला घेतल्या आणि किंमत जवळपास दहाव्या हिश्शावर आणली. यंत्राशिवाय, हातानेच छोट्या छेदातून टणक मोती काढण्याची पद्धतही याच भागात पक्की झाली. नेपाळच्या डॉ. संदुक रुइत यांच्या तिलगंगा संस्थेत तिची फेकोशी तुलना झाली आणि २००७ मध्ये निष्कर्ष आला : दृष्टी सारखीच चांगली, वेळ आणि खर्च कमी.

पण अरविंदच्या मंडळींची मला सर्वांत आवडलेली गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावरची नाही. गावात शिबिर घेऊन, शस्त्रक्रिया फुकट करूनही लोक येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. १९९९ मध्ये तमिळनाडूतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला : डोळ्यांची तक्रार असलेल्या गावकऱ्यांपैकी शिबिरात येणारे जेमतेम ७ टक्के. न येणाऱ्यांची कारणे ऐकावीत तर दादीच बोलते आहे असे वाटते. सोबत कोण येणार, मजुरी कोण देणार, घरी कोण बघणार. फुकट शस्त्रक्रिया फुकट नसते. म्हणून गावातून बसने न्यायचे, जेवण द्यायचे, रात्रभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी तपासून मग गावी सोडायचे, आणि नातेवाईक सोबत असण्याची सक्ती नाही, अशी त्यांची रीत बसली.

इथे एक विरोधाभास आहे, तो नीट पाहावा. त्याच दिवशी घरी जाणे ही आधुनिक पद्धत. पण शंभर किलोमीटरवरून आलेल्या म्हातारीला संध्याकाळी घरी सोडून 'उद्या सकाळी पट्टी काढायला या' असे सांगितले, तर वाचते कोणाचे? इस्पितळाची खाट वाचते. म्हातारी रात्र एसटी स्टँडवर किंवा दूरच्या नातेवाइकाच्या पडवीत काढते. तिच्यासाठी एक रात्र मुक्काम जास्त सोयीचा.

हे मला पुस्तकातून कळले नाही, गेल्या वर्षी अम्मीमुळे कळले. इस्पितळाचे नाव इथे नको. डॉक्टर उत्तम होते, शस्त्रक्रियेत काही खोट नव्हती. अम्मी आत गेली आणि घड्याळात पाहिले तर बाराव्या मिनिटाला बाहेर. पण मी डायरी ठेवतो, त्यात खेपा लिहिलेल्या आहेत. पहिल्या दिवशी थेंब टाकून तपासणी आणि निदान. दुसरी खेप रक्त, लघवी, ईसीजी या चाचण्यांची. तिसऱ्या दिवशी ते कागद घेऊन फिजिशियनचा शेरा, आणि लेन्सचे माप घ्यायला गेलो तर माप घेणारा रजेवर. त्यामुळे मापाची वेगळी चौथी खेप. पाचवी शस्त्रक्रियेची. सहावी दुसऱ्या दिवशी पट्टी काढण्याची. सातवी आठवड्याने. महिन्याने चष्म्याचा नंबर काढायला गेलो ती मी धरलेलीच नाही.

सात दिवस!

घर ते इस्पितळ साठ किलोमीटर. भाऊ रिक्षा चालवतो, प्रत्येक खेपेला त्याचा दिवस गेला. शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळ्या रुग्णांना सकाळी सातला उपाशीपोटी बोलावले होते, वीसेक जण असतील. अम्मीचा नंबर लागला दुपारी तीनला. तिला मधुमेह आहे. दुपारी तिचे हात थरथरू लागले तेव्हा नर्सने साखरेचे पाणी दिले आणि 'उपाशी या' म्हणणाऱ्या कागदाकडे कोणी पाहिले नाही. जोहरची नमाज तिने बाकावर बसून, भिंतीकडे तोंड करून पढली.

बारा मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे जे पसरले आहे त्यातले बरेचसे टाळता येते, आणि कसे टाळायचे हे जगाला माहीत आहे. अमेरिका-कॅनडात १९ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची पाहणी झाली. निम्म्या रुग्णांच्या नेहमीच्या सगळ्या चाचण्या केल्या, निम्म्यांच्या केल्याच नाहीत. दोन्ही गटांत गुंतागुंतीचे प्रमाण सारखेच निघाले, हजारी ३१. हा निकाल २००० सालचा आहे. ज्याच्या आजाराची लक्षणे मागणी करतात त्याच्या चाचण्या व्हाव्यात, मधुमेह्याची साखर, रक्तदाब आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची विचारपूस व्हावीच. सरसकट सगळ्यांचा ईसीजी काढल्याने डोळ्याचे भले होत नाही. थेंबांनी बधिर करायचे असेल तर आठ तास उपाशी ठेवण्याचेही कारण नसते. त्याच २००० साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने 'ॲक्शन ऑन कॅटरॅक्ट्स' नावाची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा इतकाच, की निदान, माप, तपासणी आणि तारीख एकाच खेपेत उरका. तिथे कित्येक ठिकाणी बिनगुंतागुंतीच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलावतच नाहीत. कोणती लक्षणे दिसली तर लगेच यायचे ते सांगतात आणि फोन नंबर देतात. वीस जणांना सातला बोलावण्याऐवजी पाच-पाच जणांना चार वेळा देणे, याला तर पैसाही लागत नाही. त्याला फक्त रुग्णाचा वेळ हा वेळ असतो, एवढे मान्य करावे लागते.

आपल्या वाचकांसाठी दोन गोष्टी, कारण यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही आणि त्यापायी लोक तारखा पुढे ढकलतात. वुजूत डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही हे खरे, पण तोंडाच्या त्या भागावर ओल्या हाताने मसह करण्याची सोय फिकहमध्ये आहे. सजद्याचे म्हणाल तर आता महिना-दीड महिन्याची मनाई बहुधा नसते, काही दिवसांचा जपून राहण्याचा सल्ला असतो. तो प्रत्येकाच्या डोळ्यावर अवलंबून, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा : मी कपाळ जमिनीला टेकतो, कधीपासून टेकू? प्रश्नाचा संकोच नको. आणि रमजानमध्ये थेंब चुकवू नका. डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, असेच हनफी आणि शाफई फुकहांचे मत आहे. रोजा राहावा म्हणून थेंब टाळणारे आणि डोळ्यात जंतू झालेले एक चाचा मला ठाऊक आहेत.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आम्ही शहाणे झालो. अम्मीचे निमूटपणे चालले असते, पण मी डॉक्टरांना डायरीच दाखवली. रागावतील असे वाटले होते. त्यांनी पाने उलटली, सातही तारखा वाचल्या आणि म्हणाले, "हे मला कुणी कधी दाखवलं नव्हतं." पहिल्या डोळ्याच्या चाचण्या तीन महिन्यांच्या आतल्या होत्या, त्या चालल्या. माप शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी घेतले आणि रात्री अम्मीला तिथेच ठेवून घेतले. सकाळी तिला चहा-बिस्किट मिळाले आणि पहिला नंबर लागला. दहाला ती बाहेर होती. पट्टी काढायला आम्ही आमच्याच गावच्या नेत्रतज्ज्ञाकडे गेलो, रिक्षाने दहा मिनिटे. सगळे मिळून खेपा तीन.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर परवानगी दिली. असरच्या वेळी अम्मीने जानमाज अंथरली, खुर्ची बाजूला सारली आणि बराच वेळ सजद्यात राहिली. भाऊ त्या वेळी घरी नव्हता. रिक्षा घेऊन स्टँडवर गेला होता.